माहेरचं मशीन

धोंडिराम सुताराचं लाकूड कापायचं मशीन बाहेर चालायचं आणि घरी चालायचं नाही. कडेगावात मोटर भरून देणाऱ्याच्या दुकानात खटका दाबला की पातं असं गरगरायचं, की दुकानदारच दोन पावलं मागं सरायचा. तेच मशीन मळ्यातल्या शेडात आणून जोडलं की नुसतं घुंऽऽ करून जागच्या जागी बसायचं. धोंडिरामानं कंडेन्सर बदलला, बेअरिंगला ग्रीस चोपडलं, पट्टा ढिला करून पाहिला, मोटर पुन्हा भरून आणली. एकदा तर दिशा चुकली असेल म्हणून मशीनचं तोंड पूर्वेला करून ठेवलं. मशीन ढिम्म.

दोनच दिवसांनी गावातल्या नानासोंच्या नव्या घराची चौकट बसवायची होती. मुहूर्त निघालेला आणि सागवान शेडात तसंच पडलेलं. चौकट वेळेवर गेली नाही तर पंचक्रोशीत कुणी साधा पाट करून घ्यायलाही आपल्याकडं येणार नाही, या धास्तीनं धोंडिरामाला घास गोड लागत नव्हता.

निदान बायकोनं केलं. बनाबाई म्हणाली, परक्याच्या दारात हसतंय आणि आपल्या दारात तोंड फुगवतंय, म्हणजे हे बिघडलेलं नाही, रुसलेलं आहे. मशीन तिच्या माहेरचं, मेढ्याचं. तिचा धाकटा भाऊ कृष्णात यानं ते स्वतः टेंपोतून आणून दिलं होतं. त्याच कृष्णाताला पुढं जत्रेच्या जेवणात नुसता रस्सा मिळाला, मटणाची नळी शेजारच्या ताटात गेली आणि तो ताटावरून उठून जो गेला, तो परत आलाच नाही. धोंडिरामानंही शपथ घेतली होती, की पाय धरीन तर मारुतीचे, मेव्हण्याचे नाही. बनाबाई एसटीच्या वाटेकडं बघत बसते हे त्याला दिसत होतं, पण ताठा काही सुटत नव्हता.

गावानं निदान उचलून धरलं. नानासोंनीही मान डोलावली. त्यांचा ट्रॅक्टर थोरल्या सुनेच्या माहेरचा, ती माहेरी गेली की म्हणे त्याची बॅटरी उतरायची.

शेवटी चौकटीपुढं शपथ हरली. मेढ्याला फोन गेला, बोकड पडला. रुसवा काढायचा तर चार माणसं हवीत म्हणून आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांना आवतण गेलं. उसाला पाणी देताना दारं धरायला कुणी उरलं नाही, तेव्हा सगळ्यांनी आपापले पंप बंद केले आणि हात धुऊन पंगतीला बसले. कृष्णाताच्या ताटात नळ्यांचा ढीग पडला. मशीनपुढंही एक ताट मांडलं, त्यातही नळी होती.

जेवून कृष्णात मशीनपाशी गेला. घसा खाकरून, त्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं गेलं इसरून जा गड्या. मी जेवलोय."

धोंडिरामानं खटका दाबला. पातं कडाडून फिरलं. पंगत उठून उभी राहिली आणि बनाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

दोन लाकडं बघता बघता कापून झाली. तोवर मंडळी सुपारी चघळत मळ्यांकडं पांगली. कृष्णातानंही पिशवी उचलली. तिसरं लाकूड निम्म्यावर आलं आणि मशीन घुंऽऽ करून बसलं.

धोंडिरामानं वर पाहिलं. शेडातला दिवा काजव्यासारखा मिणमिणत होता आणि बाहेर चहूकडं पंप धडधडत होते. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेडाची लाइन पंपांच्याच डीपीवरची. सगळे पंप लागले की व्होल्टेज पडतं आणि मोटर उचलत नाही. कडेगावच्या दुकानात पंप कुठले असणार? एवढीशी गोष्ट, आणि त्यासाठी बोकड कापला. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.

दारात पिशवी घेऊन कृष्णात उभा होता. तोंड उतरलं होतं त्याचं. "दाजी, आता काय झालं वो? माझं काय चुकलं का?"

त्याच्यामागं बनाबाई उभी होती.

व्होल्टेज, एवढा एकच शब्द पुरला असता. धोंडिरामानं कपाळावरचा भुसा पुसला. जे स्वतःच्या तोंडानं त्याला कधीच म्हणता आलं नसतं, ते त्यानं म्हटलं.

"पाव्हणं, मुक्काम करा म्हनतंय त्ये."

कृष्णातानं पिशवी खाली ठेवली. मग बाह्या सारून तो आत आला, आणि उरलेली चौकट दोघांनी करवतीची दोन टोकं धरून हातानं कापली. पिशवी बनाबाईनं केव्हाच घरात नेली होती.