चिंगीचा नमस्कार

त्या आठवड्यात सानगडीला मनकर्णाबाईंच्या अंगणात चप्पल काढायलाही जागा नव्हती. आत धान साठवायच्या ढोलीपुढे त्यांची बारा वर्षांची मांजर चिंगी हनुवटी छातीला टेकवून बसलेली. बघणाऱ्याला वाटावं, नमस्कारच करते आहे.

"मागच्या जन्मीची तपस्विनी आहे," गोमाजी महाराज सांगत. "ढोलीतल्या लक्ष्मीले वंदन करून राहिली. एकवीस दिवसांचं व्रत आहे, आज पाचवा दिवस. अन्न नाही. फक्त माझं तीर्थ."

चाळीस वर्षं शाळेत पोरांना 'काहून?', म्हणजे 'का?', विचारायला शिकवणारा मी हार घेऊन रांगेत होतो. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, खाली भाष्यही लिहिलं. भाष्याशिवाय मला राहवत नाही.

मनकर्णाबाईंची सहावीतली नात खुशबू म्हणाली, "गुरुजी, चिंगी मरून जाईल. तिले चालता बी येत नाही."

"बेटा, तप म्हटलं की थकवा यायचाच." हे वाक्य आठवलं की अजून मला ठसका लागतो.

तिने वाद घातला नाही. चिंगीला ढोलीकडे पाठ करून बसवलं. मान खालीच. मग पुढ्यात माझी चप्पल आणून ठेवली. मान खालीच.

"सांगा, चपलेत कोणती लक्ष्मी हाय?"

"चप्पल गुरुजीची आहे ना, म्हणून," महाराज म्हणाले. क्षणभर मला ते पटलंही.

"मंग हा उंदराचा पिंजरा ठेवते."

चिंगीचा पिंजऱ्यालाही नमस्कार झाला. लोक हसले आणि महाराजांना दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

आम्ही चिंगीला टोपलीत घालून साकोलीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलं होतं, त्यामुळे मानेच्या स्नायूंना डोकं पेलवत नव्हतं. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीत गाठ होती. ती नको तितकं संप्रेरक तयार करी आणि त्यामुळे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाई. उपासाने त्यात भर घातली.

"अजून दोन दिवस गेले असते तर श्वासाचे स्नायूही थकले असते," डॉक्टर म्हणाले. "हिला उपाशी कोणी ठेवलं?"

मी छताचा पंखा बघत राहिलो.

सलाईनमधून पोटॅशियम दिलं, मग रोजचं औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी चिंगीने मान वर केली, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पाठ फिरवून जेवायला गेली.

ग्रुपवर आता तिचा नवा फोटो आहे. भाष्य खुशबूचं: 'मान वर होत नसेल तर आधी डॉक्टरकडे न्या.'

मुलांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याच्यापुढे एक चप्पल ठेवून बघा. हवी तर माझी घेऊन जा.