चार वाजून वीस मिनिटांची फाइल

धाकटीच्या मागावर अर्धं कापड तसंच ताणलेलं होतं आणि ते पुरं करण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. माणूस निवडण्यात चूक होतेय, हे मी भाचीला पहिल्याच दिवशी सांगितलं.

"मामा, आईची भाषा तुझ्याशिवाय शिकलंय कोण?"

"मी शिकलो नाही गं. तिच्या पुस्तिकेची प्रुफं तेवढी तपासली."

"म्हणजे वाचलीस तरी. मी तेवढंही केलं नाही."

धाकटी म्हणजे माझी बहीण. हातमागासाठी तिने स्वतःची एक संगणकभाषा केली होती. कुठले धागे उचलायचे, कुठले सोडायचे ते त्या भाषेत लिहायचं. मग तिने केलेला इंटरप्रिटर ते वाचून मागाला हुकूम द्यायचा. अकरा सप्टेंबरला ती गेली आणि आठवड्याभरात तिच्या संगणकानेही मान टाकली. हाती राहिला एक पेन ड्राइव्ह, त्यावर इंटरप्रिटरचा मूळ कोड आणि या कापडाच्या विणीची फाइल. भाचीच्या विंडोजवाल्या संगणकावर त्यापासून इंटरप्रिटर नव्याने बांधायचा होता. अकरा नोव्हेंबरला संध्याकाळी दुसऱ्या कामाचं सूत येणार होतं. तोवर माग हलला नाही, तर धाकटीचं कापड आहे तिथे कापून माग मोकळा करावा लागणार होता.

मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. स्वतःच्या शोधायला मात्र फार वेळ लागतो. पहिला आठवडा कोडपासून चालता प्रोग्राम बांधणारा कंपायलर बसवण्यात गेला. तो बसला, पण संगणकाला सापडेना. सापडला, तर धाकटीच्या फाइली सापडेनात. फोल्डरच्या नावात मी दोन शब्दांमध्ये जागा सोडली होती आणि आज्ञा तिथेच तुटत होती. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, हे मनाला पटवायला मला एक अख्खी दुपार लागली.

मग बांधणी सुरू झाली. काळ्या खिडकीत रोमन अक्षरांत धाकटीचे शब्द उमटले: "थांब, बघते."

मी खुर्चीतून अर्धवट उठलोच. माझं काही अडलं की फोनवर ती हेच म्हणायची. बांधताना काय काय करायचं, त्या कामाच्या यादीची जी फाइल असते, तिच्यात पहिली ओळ म्हणून तिने ते लिहून ठेवलं होतं. पाच-सहा ओळी सरकल्या आणि पुन्हा आलं, "थांब, बघते." मग पुन्हा. मग पुन्हा. काम पुढे जाईचना. माझ्या पाठीमागे माग होता, त्यावर ते अर्धं कापड, आणि समोर ती एकच गोष्ट सांगत राहिली होती. मी खिडकी बंद केली, तेव्हा दार लोटून घेतल्यासारखं वाटलं.

चार दिवस मी स्वतःलाच दोष दिला. पाचव्या दिवशी त्या ओळींमधली एक इंग्रजी ओळ वाचली. बारीक टायपातला मजकूर सोडून द्यावा, तशी ती मी रोज सोडत होतो. यादीच्या फाइलची वेळ पुढची आहे, असं ती सांगत होती.

मी फाइलची तारीख पाहिली. अकरा नोव्हेंबर, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. त्या दिवशी ऑक्टोबरची अठ्ठावीस होती.

मी मागे वळून पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं.

भाची आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. तिला ती तारीख दाखवली.

"आई गेली त्या सकाळी तिने संगणकाच्या घड्याळाचा सेल बदलला होता," ती म्हणाली. "महिना लावताना बोट दोनदा जास्त पडलं असेल. चष्मा कपाळावर आणि शोधतेय घरभर, अशी बाई ती."

मग मला कोडं सुटलं. लेखकाने दुरुस्ती पाठवली की प्रूफ पहिल्यापासून वाचायचं, असा आमच्याकडे नियम होता. संगणकाचंही तेच चाललं होतं. यादी आत्ताच बदलली असं त्याला दर वेळी वाटायचं आणि तो पहिल्यापासून सुरू करायचा.

"मग तारीख बदल ना. एका ओळीची तर आज्ञा."

धाकटी गेली त्या दिवशी तिने मला चारला बोलावलं होतं, नवी वीण दाखवायला. मी वाचनालयात एका तळटिपेवर अडून बसलो आणि पावणेसहाला पोचलो. ती खुर्चीतच गेलेली होती. म्हणजे चार वाजून वीस मिनिटांनी ती होती. काम करत होती, वाट पाहत होती. याचा पुरावा जगात त्या एका आकड्यापुरताच होता.

"माझ्या हाताने नाही बदलणार," मी म्हणालो.

"मग संगणकाचं घड्याळ पुढे कर."

"ते आपल्या घरात एकदा झालंय. तेवढं पुरे."

भाची म्हणाली, "बरं. अकराला चार वीस झाले की ती वेळ आपोआप मागची होईल, तेव्हाच बघू. पण संध्याकाळी मी कात्री घेऊन येईन मामा, आधीच सांगते."

अकरा तारखेला मी साडेतीनलाच येऊन बसलो. चारला आज्ञा दिली. "थांब, बघते." ओळी सरकत होत्या. भाची मागापाशी उभी होती, कात्री खरंच हातात होती.

"आणि नाही थांबलं तर?"

"तर ती कात्री आधी माझ्या तळटिपांवर चालव."

ती हसली नाही. सव्वाचार झाले. मला कळून चुकलं की मी कुठेतरी साधीशी चूक केली आहे. ती सापडेल तेव्हा कापड कापून झालेलं असेल. एकोणीस. "थांब, बघते. थांब, बघते." खोलीत धाकटी तिसऱ्या माणसासारखी होती.

वीस झाले. आकडा बदलला, आणि ती ओळ आणखी एकदाच आली. मग नव्या ओळी येऊ लागल्या, न पाहिलेल्या, एकामागून एक, फाइलींची नावं घेत. दोन मिनिटांनी त्या थांबल्या. शेवटी रोमन अक्षरांत लिहिलं होतं: "झालं. ये आता."

मी विणीची फाइल नव्या इंटरप्रिटरला दिली आणि मागावरचे धागे खटकन वर उचलले गेले. भाचीने कात्री खाली ठेवली आणि आडव्या सुताचा धोटा हातात घेतला.

"आलोय," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"काही नाही. तू चालव."