विहिरीवरचा इंग्रजी शेरा

टँकर चालू ठेवायचा की बंद, हे ठरवायला आलेल्या साहेबांनी विहिरीत डोकावून इंग्रजीत शेरा लिहिला आणि कागद सरपंच दगडाबाईंपुढे सहीला धरला. दूध सोसायटीचे सचिव राधाकिशन यांनी तो वाचला.

"अक्का, रॅपिड लिवलंय. म्हंजी उपसलं की पाणी झपाट्यानं भरतं."

"मंग टँकर?"

"बंद."

दगडाबाईंनी तळातलं पाणी उपसून घेतलं आणि साहेबांपुढे रिकामी घागर ठेवली.

"बसा सायब. एवढी भरली की सही करते."

साहेब हसले. पाऊण तासाने पोहरा सोडला, तो खडकावर वाजला. वर आलं तांब्याभर गढूळ पाणी. साहेबांनी शब्द खोडून 'स्लो' लिहिलं.

"आधी व्हेरी लिवा," राधाकिशन म्हणाले.

त्यांनी लिहिलं. मग दगडाबाईंनी पेन घेतलं.