सांधा क्रमांक सातचा हिरवा दिवा

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी साहेबांचं साहेबपण उतरलं नव्हतं. हाताखालची माणसं गेली, तेव्हा ते छोट्या रेल्वेवर जाऊन बसलं, एवढंच. मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या ठोकून त्यांनी रूळ, बोगदा आणि दोन स्टेशनं उभी केली होती. गाड्या हँडसेटवरून चालायच्या. सांधे, म्हणजे गाडीची वाट बदलणारे रूळ, त्याच हँडसेटच्या हुकमावर हलायचे. कुठला सांधा कुठे वळलाय हे फलकावरचे दिवे सांगायचे: हिरवा सरळ, पिवळा बाजूला.

उरलेल्या कोपऱ्यात, खिडकीशी, मावशींचं शिलाई मशीन होतं. मावशी म्हणजे साहेबांची बायको. मावशी हे गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. साहेब नुसतं "ऐकतेस का" म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलायचे.

सोमवारी सांधा क्रमांक सातवर घात झाला. फलकावर हिरवा दिवा असताना साहेबांचं लाडकं इंजिन बाजूच्या वाटेला वळलं. ती वाट अजून अर्धीच बांधलेली असल्याने ते थेट जमिनीवर आलं.

साहेबांची चौकशी दीड मिनिटात आटोपली.

"तू इथे फडकं मारलंस."

"मी माझं मशीन पुसलं. तुमच्या रुळांना मी कशाला हात लावू?"

"दिवा हिरवा होता, म्हणजे सांधा सरळ होता. मग तो हलवला कुणी? घरात आपण दोघंच."

निकालही लगेच लागला. रविवारी छोट्या रेल्वेच्या हौशी मंडळाचे लोक रेल्वे बघायला येणार. त्याआधी मशीन मागच्या बोळात आणि खोलीला कुलूप. त्या बोळात भर दुपारी सुईत दोरा ओवता येत नसे. काळ्या कापडावरची काळी टीप तर मावशींना आता खिडकीशीही डोळे बारीक करून बघावी लागे. मशीन बोळात म्हणजे शिवण बंद. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ते त्यांच्या विचारात आलं नव्हतं.

मावशींनी मनाशी खातं उघडलं. संसाराची वर्षं एकतीस. साहेबांनी चूक कबूल केल्याची नोंद एक, तीही तापाच्या ग्लानीत. भांडून पदरात काही पडायचं नाही हे पाहून त्यांनी सुनेला फोन केला.

सून लिफ्ट दुरुस्त करायची. साहेब त्या कामाला "वरखाली" म्हणत. शनिवारी सकाळी ती हत्यारांची पिशवी घेऊन आली.

"बाबा, सातला हुकूम द्या."

साहेबांनी बटण दाबलं. फळीखाली टक् झालं आणि दिवा पिवळा झाला.

"बघ, चालतोय की."

"दिवा चालतोय. आई, तुम्ही रुळाकडे बघा. बाबा, परत."

टक्. दिवा हिरवा.

"सांध्याचं पातं जागचं हललं नाही," मावशी म्हणाल्या.

"दिवा हिरवा आहे," साहेब म्हणाले.

सुनेने पात्याच्या फटीत टाचणी फिरवली. टोकावर खडीचा एक दाणा आला, वाळलेल्या गोंदासकट.

"ही खडी कधी चिकटवलीत?"

"गेल्या रविवारी. किती सुबक बसलीय बघ."

"बसलीय खरी. पात्यालाही बसवलंत. खालची मोटर ओढतेय, पातं बाजूला वळलेलंच गोंदात."

मग ती टॉर्च घेऊन फळीखाली शिरली. "आणि दिव्याची तार कुठून घेतलीत?"

"मोटरला हुकूम जातो तिथूनच. एकाच ठिकाणाहून दोन्ही कामं. कल्पना माझीच."

"म्हणजे बटण दाबलं की दिवा लागणार. सांधा हलला का, हे त्याला कुणी विचारतच नाही."

"हुकूम दिल्यावर हलणार नाही तर जाईल कुठे?"

मावशींनी तोंडाला पदर लावला. कचेरीतही साहेब असेच. आदेश बाहेर पडला की त्याच कागदावर 'काम पूर्ण' असा शिक्का मारायचे. त्यांच्या कारकिर्दीत फायलींतून बांधलेल्या पुलांवरून अजून एकही माणूस पलीकडे गेलेला नव्हता.

"लिफ्टला असा दिवा लावला असता ना बाबा, तर दार उघडं असताना बंद दिसलं असतं आणि लोक खड्ड्यात गेले असते. दाराला विचारावं लागतं." सुनेने पात्याजवळ नखाएवढा स्विच बसवून दिव्याची तार त्याला जोडली, पातं सरळ होऊन त्याला टेकेल तेव्हाच हिरवा लागणार, नाहीतर पिवळा. "द्या हुकूम."

टक्. दिवा पिवळाच राहिला. साहेबांनी आणखी चार वेळा बटण दाबलं, आवाज चढवून समज द्यावी तसं.

"बाकीचे अकराही तपासू?"

"नको. ते हिरवे आहेत."

"मग रविवारी मंडळाला गोंदाचं आम्ही सांगायचं का तुम्ही?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी बोगद्याचं तोंड बोटाने पुसलं.

"मंडळाला काय करायच्यात घरच्या गोष्टी? आणि मशीन हलवा असं मी म्हटलंच नव्हतं. नुसता विचार मांडला होता."

"मग तो उचलून ठेवा."

मावशी खिडकीशी बसल्या. काळ्या कोटाची बाही सुईखाली सरकवून त्यांनी चाकाला हात लावला. साहेब टाचणी घेऊन गोंद खरवडायला वाकले, ते नेमके कापड आणि खिडकीच्या मध्ये.

"उजेडातून बाजूला व्हा," मावशी मान वर न करता म्हणाल्या.

आणि साहेब झाले.