पुढच्या महिन्याचा डॉलर

"साहेब, आज शेवटचा दिवस. बारानंतर काही करता येणार नाही. वायदा विकायचा, की पुढच्या महिन्यात न्यायचा?" फोनवर दलालबाई घाईत होत्या.

"थांबा जरा," तो म्हणाला.

तो पलंगाशी उभा होता आणि पलंगावर बायको पडून होती. कानाने जरा अधू झाल्यापासून तो फोन स्पीकरवरच ठेवायचा, त्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं.

आता या गृहस्थाने थांबा म्हणावं हेच मुळात नवल. ऑफिसात त्याला सगळे 'झाकण' म्हणत. कंपनी बाहेरून यंत्रांचे सुटे भाग मागवायची, बिलं डॉलरमध्ये, तीन महिन्यांनी चुकवायची. बिल आलं रे आलं, की हा बाजारात तेवढ्याच डॉलरचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचे डॉलर आजच ठरलेल्या भावाने, घेऊन त्यावर झाकण ठेवायचा. डॉलर चढला तर बिल महागायचं, पण वायद्यात जवळपास तेवढंच मिळायचं. उतरला तर उलट. एकूण काय, नफा नाही नि तोटाही नाही, झोप तेवढी शांत. बिल रद्द झालं, तर वायदा त्याच दिवशी विकायचा. "खाली बिल नसेल तर तो जुगार, आणि तो माझ्या टेबलावर चालणार नाही," असं त्याने मालकांनाही तोंडावर सुनावलं होतं. बायकोला तर जेवताना ऐकून ऐकून हे सगळं पाठ झालं होतं. "अहो, आधी घास गिळा, मग डॉलर," ती म्हणायची.

तिचं ऑपरेशन परदेशात करायचं ठरलं, तेव्हाही त्याने तेच केलं. पैसे दोन महिन्यांनी भरायचे होते, म्हणून खर्चाइतक्या डॉलरचा वायदा घेऊन ठेवला. डॉलर चढतच गेला. "बघ, आपल्याला जुन्याच भावात पडणार," तो हरखून सांगायचा.

आणि परवा डॉक्टरांनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं, की आजार पसरलाय, आता ऑपरेशन होणार नाही. तिला मात्र त्याने ताकास तूर लागू दिली नाही. तारीख पुढे गेलीय, एवढंच सांगितलं. आता वायदा विकला, की तिला कळणारच.

"साहेब, ऐकताय ना?"

"पुढच्या महिन्यात न्या."

"ऑपरेशनची नवी तारीख कळली का? म्हणजे त्या हिशेबाने..."

"न्या म्हटलं ना, बाई!"

बायकोने डोळे उघडले. "कुठली तारीख मिळालीय हो?"

"कळवणार आहेत."

"कधी?"

"कळवतील गं. तू पड बघू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने उगाच पडदा सारखा केला.

"अख्खा जन्म गेला, पण खोटं काही बोलता येत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "परवापासून धड दाढीसुद्धा जमत नाहीये. विका तो."

"अगं, डॉलर अजून चढेल..."

"चढू दे की. माझ्यासाठी जुगार खेळू नका. या वयात कसली मेली वाईट सवय."

त्याने पुन्हा पडद्याला हात घातला.

"बाई, विका हो तुम्ही," शेवटी तीच फोनकडे मान करून म्हणाली.

"ताई, साहेबांनी सांगायला लागेल. खातं त्यांच्या नावावर आहे."

बायकोने त्याचा हात धरला.

"विका," तो म्हणाला.

पलीकडे बटणं वाजली. "झालं साहेब. मोठा फायदा झालाय, अभिनं..." सवयीने बाई बोलून गेल्या आणि गप्प झाल्या. त्याने फोन बंद केला.

"किती मिळाले?" तिने विचारलं.

त्याने आकडा सांगितला.

"अगं बाई! माझ्या दुखण्यात पहिल्यांदाच काहीतरी घरात आलं म्हणायचं." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. त्याने पाणी पाजलं. मग तिने भिंतीला धरून धरून स्वतःला पलीकडे सरकवलं आणि जागा केली.

तो ऑफिसच्या कपड्यांत, बुटांसकट, तिच्या शेजारी आडवा झाला.