खिळ्यावरचे कप

सुखदेवबाबूला दोन गोष्टींचा भारी शौक होता. एक म्हणजे पोरांना फिरायला नेणं आणि दुसरी म्हणजे जिथं नेलं त्या जागेला नावं ठेवणं. सौसरच्या एका सरकारी कचेरीत बाबूची खुर्ची मिळून त्याला सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत अख्खा तालुका त्याच्या नजरेतून उतरला होता. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो पँटला इस्त्री करायचा, बायकोच्या, म्हणजे मालतीच्या मागे घाई लावायचा, आठ वर्षांची यशोधरा आणि पाच वर्षांचा संघपाल यांच्या डोक्यांवर तेल चोपडायचा आणि ही वरात घेऊन निघायचा. स्वतः मात्र चार पावलं पुढं. मागचे तिघं जसे काही शेजाऱ्याचे.

रामाकोन्याला छोट्या लायनीची गाडी पाहायला नेलं, तर म्हणे, "हिला गाडी म्हणतात? आपली बकरी हिच्या आधी पोहोचेल." जामसांवलीला नेलं, तर देवळात पाय न टाकता नारळाच्या दुकानाशी उभा राहिला आणि दर्शनाच्या रांगेकडे पाहून तासभर नाक मुरडत बसला. "पाहून घ्या, अडाणी माणसं कशी असतात ते." पोरं बिचारी रेवड्यांकडे पाहत होती. संत्र्याच्या बगिच्यात नेलं तर संत्री आंबट, मोहगावच्या बाजारात नेलं तर बाजार घाण. मालती एकदा म्हणालीच, "अहो, एवढं वाईट आहे तर नेता कशाला?" त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुढं विचारायचं सोडून दिलं.

खरं कारण गाडी नव्हती आणि बगिचाही नव्हता. खरं कारण होतं हॉटेल. कुठंही गेलं तरी शेवटी हॉटेलात जायचंच, मग ते कितीही टिनपाट असो. पडद्यामागच्या फॅमिली खोलीत तर मुळीच नाही. ऐन मधल्या, पंख्याखालच्या टेबलावर. तिथं याची शाळा भरायची. पाठ ताठ ठेवा. चहा बशीत ओतू नका. मोठ्यानं बोला, पण शुद्ध बोला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खाऊन झालं की भांड्याला हात लावायचा नाही, सरळ उठायचं. हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज थोडा चिरकायचा.

कारण त्याचा बाप श्रावण. मोहगावच्या पलीकडं आडबाजूला त्यांचं गाव, आणि गावात नत्थूजीचं चहाचं दुकान. दुकानासमोरच्या निंबाच्या बुंध्याला खिळे ठोकलेले, आणि त्या खिळ्यांवर बौद्धवाड्यातल्या माणसांचे कप. आपला कप आपण काढायचा, नत्थूजी वरून चहा ओतणार, बाहेरच्या दगडावर बसून प्यायचा, धुवायचा आणि परत खिळ्यावर. श्रावणनं जन्मभर हेच केलं. आता कोणाला वाटेल, सुखदेवला नत्थूजीचा संताप येत असेल. छे! नत्थूजीला तो आजही रामराम घालायचा. त्याला किळस यायची ती बापाची. लाचार म्हातारा, म्हणायचा. आपल्या पोरांनी कुठल्याही हॉटेलात मान वर करून बसावं आणि आजोबाचा, त्यांच्या आबाजीचा, तो कप त्यांना जन्मात कळू नये, यासाठीच हा सगळा आटापिटा होता. म्हणून तो पोरांना गावी नेत नसे.

तर त्या रविवारी वरात पांढुर्ण्याला गेली. स्टेशनाजवळ नवं हॉटेल निघालं होतं. सनमायकाची टेबलं, भिंतीला आरसे. सुखदेवनं आरशात भांग पाहिला, मधलं टेबल पकडलं, आणि तेवढ्यात दारातून रघुनाथराव आत आले. हे बगिचावाले, गावोगावी ओळखी असलेले, कचेरीत कामासाठी येणारे. सुखदेवला तर स्वर्ग दोन बोटं उरला. "या, या, रघुनाथराव! बसा आमच्यासोबत. मुलांनो, काकांना नमस्कार करा."

रघुनाथराव बसले. डोसे आले. सुखदेव डोशालाही नावं ठेवून राहिला होता. नागपूरला कसा मिळतो, इथल्या लोकांना कुठली अक्कल, वगैरे. रघुनाथराव हूं हूं करत होते. मग चहा आला, पोरांनाही आला. यशोधरानं शिकवल्याप्रमाणे पिऊन कप ठेवून दिला. संघपालनं शेवटचा घोट संपवला, ओठ पुसले, कप उचलला आणि खुर्चीवरून खाली उतरला.

"संघू, बस खाली," सुखदेव म्हणाला.

"कप धुवायचा आहे, बाबा. पाणी कुठं आहे?"

"तो धुतील ते लोक. ठेव."

"पण मग अडकवायचा कुठं?" संघपालनं भिंतींकडे पाहिलं, आरशांकडे पाहिलं. मोठ्यानं बोलायचं आणि शुद्ध बोलायचं, हे बापानंच शिकवलेलं. "बाबा, इथं आपला खिळा नाही?"

गल्ल्यावरचा मालक हसला. रघुनाथरावांचा कप ओठांपाशी थांबला. यशोधरा भावावर खेकसली, "अरे, तो आबाजीच्या गावचा खिळा! इथं कसा असेल?" आणि आपल्या बापाला समजावून सांगावं तशी म्हणाली, "उन्हाळ्यात आईला टायफॉइड झाला होता ना, तेव्हा तुम्हीच आम्हाला आठ दिवस गावी ठेवलं होतं. आबाजी आम्हाला रोज नत्थूजीच्या हॉटेलात न्यायचे. त्यांनी संघूला बाजारातून कप आणून दिला, निळ्या काठाचा. तो तिथंच आहे, झाडाला."

"आबाजीच्या कपाच्या बाजूला," संघपाल म्हणाला. काय अभिमान होता त्याच्या आवाजात!

रघुनाथरावांनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. "बरं, येतो सुखदेवबाबू, माझ्या गाडीची वेळ झाली," म्हणाले, आणि जाताना हात रुमालाला पुसले. पोरानं काही तोडलं नव्हतं, काही सांडलं नव्हतं. तरी सुखदेवनं त्याच्या दंडाला असं धरलं की पोरगं कळवळलं.

परतीच्या बसमध्ये तो पोरांपासून दोन बाकं पुढं बसला. मोहगाव यायच्या आधी, आपल्या गावाच्या फाट्यावर सुखदेव एकदम उठून उभा राहिला. "उतरा." मालती म्हणाली, "आता इथं काहून?" पण तो उतरलाही होता.

दुपार कलली होती. नत्थूजीच्या दुकानासमोर श्रावण दगडावर बसला होता, कप धुवून नुकताच खिळ्याला लावलेला. नातवंडं पाहून म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. नत्थूजीनं पँट पाहिली, बूट पाहिले आणि गडबडीनं खुर्ची झटकली. "या बाबू, या! आत बसा."

बापाला बाहेर, बाबूला आत. याच खुर्चीसाठी सुखदेवनं सात वर्षं मरमर केली होती. पण आज त्यानं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ निंबाकडे गेला, निळ्या काठाचा लहान कप काढला आणि दगडावर आपटला. संघपालनं भोकाड पसरलं. "माझा कप! आबाजी, माझा कप फोडला!"

"लाज नाही वाटली तुले?" सुखदेवची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "आपली जिंदगी त गेली या दगडावर, आता माया पोराले बी इथंच बसवतं? लाचार कुठला!"

"पोरगं हट्ट करून राहिलं होतं, माया कपात पिईन म्हणून," श्रावण हळूच म्हणाला. "एका कपात दोघं कसे पिऊ? म्हणून आणला."

"आता कोणाचाच नाही राहणार." सुखदेवनं दुसऱ्या कपाकडे हात नेला. म्हाताऱ्यानं उठून त्याचं मनगट धरलं. कापूस वेचून वेचून चिवट झालेला हात, सुटेना.

"याले हात नको लावू."

"काहून? एवढं प्रेम आलं?"

"तू संध्याकाळच्या गाडीनं निंगून जाशील, बाबू. सकाळी मी चाय कोठं पिऊ? तुया बापाले थो नत्थू खुर्ची देईन का?"

नत्थूजी भट्टीतल्या निखाऱ्यांकडे पाहू लागला. त्याची तर आधीच मान खाली गेली होती.

"मग चल माझ्याकडे, सौसरला! आपल्या घरी पी चहा, राजासारखा," सुखदेव ओरडला. असं काहीतरी मोठं बोलून टाकायची त्याला सवयच होती.

श्रावण हसला. सुखदेवनं आयुष्यभर सगळ्या जगाकडे जसं पाहिलं होतं, तसंच त्या वेळी बापानं त्याच्याकडे पाहिलं. "आलो नाई का मी तुया घरी? दिवाळीले चार दिवस होतो. तुये साहेबलोक येणार म्हणून मले मांगच्या खोलीत बसवलं. आन मोरीच्या कोनाड्यात थो कान तुटलेला कप कोणाचा हाय? म्हाताऱ्याच्या तोंडाले तंबाखूचा वास येते म्हणून वेगळा ठेवला ना?"

सुखदेवनं मालतीकडे पाहिलं. तिनं काहीतरी सांभाळून घ्यावं, दोष आपल्यावर घ्यावा, असं त्याला वाटलं असावं.

"माझ्याकडे काय पाहता?" मालती म्हणाली. "मी नको म्हटलं होतं. तुम्हीच ठेवला तो तिथं."

यशोधरा बापाकडे टक लावून पाहत होती. संघपालचंही रडणं थांबलं होतं. श्रावणनं मुलाचं मनगट सोडलं, आपला कप खिळ्यावरून काढला आणि त्याच्या पुढं धरला.

"थो पहिले फोडून ये," म्हातारा म्हणाला. "मंग हा फोडजो."