सगळ्यांच्या हातांचं मेण

मित्रांनो, नाक नसूनही जिला घाण सोसवत नाही, अशी मी एक जुनी मेणाची पेटी आहे. एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, व्यायामोपचाराच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा होती. ज्यांच्या बोटांचे सांधे सुजतात, आखडतात, ठणकतात, अशी माणसं माझ्याकडे येत.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. आत एक भांडं, बाहेर एक भांडं, दोहोंच्या मध्ये पाणी, खाली तापणारी तार आणि वर लाकडी झाकण. माझ्या पोटात पांढरं मेण वितळतं. दुखरा हात त्यात बुडवून लगेच बाहेर काढायचा, पुन्हा बुडवायचा. असं पाच-सहा वेळा केलं की हातावर मेणाचा मोजा चढतो. मग हात टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं बसायचं. ऊब आत मुरते, ठणका उतरतो, बोटं थोडी ऐकायला लागतात. मोजा सोलला की ते मेण परत माझ्याच पोटात येतं. म्हणजे आज एकाच्या हाताला जे लागलं, ते उद्या दुसऱ्याच्या हाताला लागणार. हे नीट ध्यानात घ्या, कारण माझी सगळी कहाणी त्यातच आहे.

सुरुवातीला या खोलीवर थोरल्या बाईंचं राज्य होतं. "आधी साबण, मग मेण," असं म्हणत त्या म्हाताऱ्या माणसांचीही नखं शाळेतल्यासारखी तपासायच्या. दर आठवड्याला मेण गाळायचं, थोड्या थोड्या दिवसांनी नवं घालायचं. माझं पोट इतकं निर्मळ असायचं की तळाचे खिळे मोजता यावेत. एक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा एकदा मोजा काढून म्हणाले, "बाई, आज शर्टाची बटणं माझी मी लावली." तेव्हा मी फुगले होते, हे कबूल करते.

थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि माझ्या हालांना सुरुवात झाली. नवा मदतनीस दिवसभर शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शीळभाऊ म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण आळसाने त्याच्या अंगात घर केलं होतं. "घाला हात, काही होत नाही," एवढंच तो म्हणायचा.

मग माणसं काय काय घेऊन आली, ते ऐका. कुणी सांध्यांना उग्र वासाचं मलम थापून यायचं आणि तो चिकट थर माझ्यात सोडून जायचं. कुणाच्या नखांत काळा मळ. कुणी आत्ताच नाक पुसलेला हात बुडवायचं. कुणी कान कोरत नंबराची वाट बघायचं आणि नंबर आला की तेच बोट आधी आत घालायचं. सुटलेली कातडी, तुटलेले केस, जखमेवरची पट्टी, सगळं माझ्या पोटात. एकदा एक झुरळ पडलं. शीळभाऊने ते चमच्याने काढलं, पण त्याची एक तंगडी राहिली, ती राहिलीच. पांढरं मेण आधी पिवळं झालं, मग राखाडी. वर तवंग, खाली गाळ. सकाळी तार तापू लागली की माझा मलाच वास यायचा.

मला माणसांच्या हातांची शिसारी बसली. झाकण उघडलं की मनात यायचं, आला आणखी एक घाणेरडा पंजा.

अशातच धुलाईखान्यातल्या मावशी आल्या. इस्पितळातल्या चादरी, ऑपरेशनचे कपडे, आजाऱ्यांची घाण झालेली अंथरुणं, हे सगळं त्या तेवीस वर्षं धूत होत्या. त्यांच्या बोटांचे सांधे बोरांएवढे सुजले होते. ओला कपडा पिळायला घेतला की हातातून निसटायचा. घरी केस विंचरायला लेकीला हाक मारावी लागायची. धुलाईखान्याच्या मुकादमाने सांगितलं होतं, "महिनाभर बघतो. नाही जमलं तर दुसरी बाई ठेवीन."

नंबरात त्यांच्या पुढे एक काका बसायचे. उन्हाळ्यातही कोट घालायचे, म्हणून कोटवाले काका. त्यांनी शीळभाऊला जवळ बोलावलं.

"या कुठे काम करतात, माहीत आहे ना?"

"हो. धुलाईखान्यात."

"रक्तापुवाच्या चादरी धुणारे हात. आणि तेच हात आमच्या मेणात?"

बाकावरच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मीही मनात म्हटलं, नको गं बाई, हे हात तेवढे नकोत.

शीळभाऊला वाद नको होता. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही सगळ्यांच्या शेवटी घ्या. म्हणजे कुणाची कटकट नाही."

मावशी बाजूला झाल्या. सगळ्यांचं होईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग कोपऱ्यातल्या नळापाशी गेल्या. नळाची चावी बोटांनी फिरेना, म्हणून तळहाताने रेटून फिरवली. साबण लावला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, नखं घासली, कोपरापर्यंत हात धुतले. त्या खोलीत असं हात धुताना मी कितीतरी दिवसांनी कुणाला पाहत होते. मग त्या माझ्यापाशी आल्या, वाकून आत पाहिलं आणि चटकन मागे सरल्या. ज्या बाईने तेवीस वर्षं जगाची घाण उपसली, तिने मला पाहून तोंडावर हात धरला.

"यात?" त्या म्हणाल्या. "यात मी नाही बाई हात घालणार."

माझं मेण वितळलेलं होतं म्हणून, नाहीतर मी जागच्या जागी थिजले असते. इतकी वर्षं मी नाकाने कांदे सोलत होते, आणि आज माझीच कुणाला तरी शिसारी आली होती.

मावशी तशाच गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा उजव्या हाताची मूठ वळतच नव्हती. पण या वेळी त्या शेवटच्या नंबरासाठी थांबल्या नाहीत. सरळ पुढे येऊन माझ्याजवळच्या स्टुलावर बसल्या.

"हे कधी साफ केलंस?"

"ते माझं काम नाही, मावशी," शीळभाऊ म्हणाला.

"तुझं नाही, माझं नाही. मग काय माझ्या सासऱ्याचं? अरे, तुझ्या नावाने बोटं मोडावीत म्हटलं, तर तीही मोडत नाहीत आता."

बाकावर कुणीतरी हसलं. शीळभाऊ हसला नाही. पडद्याआड एका पाठदुखीवाल्याला व्यायाम शिकवत असलेली तरुण डॉक्टरबाई हे ऐकून बाहेर आली. चार महिन्यांपूर्वीच ती इथे लागली होती. तिने माझ्यात डोकावलं आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "चूक माझी आहे. काढा सगळं बाहेर."

मावशींना बादली उचलवत नव्हती, म्हणून त्या बसून सांगत गेल्या आणि शीळभाऊ करत गेला. "मोरीत ओतू नकोस, गार झालं की नळी बुजेल. फडक्यातून गाळ. तळ खरवड. कोपऱ्यात बोट घाल, चमच्याने नाही निघणार."

फडक्यावर जे साचलं ते सगळ्यांनी पाहिलं. करड्या गाळात केसांचे गुंते, नखांचे तुकडे, दोन पट्ट्या, मलमाच्या गाठी आणि ती झुरळाची तंगडी. शीळभाऊने फडकं हातभर लांब धरलं. कोटवाले काका त्याच वेळी हातावर मेणाचा मोजा चढवून बसले होते. ते फडक्याकडे बघत राहिले, मग आपल्या हाताकडे, आणि दुसऱ्या हाताने मोजा ओरबाडून काढू लागले. दुखऱ्या बोटांनी तो लवकर निघेना.

"कुणाची घाण आहे ही?" ते म्हणाले.

"तुमची सगळ्यांची," मावशी म्हणाल्या. "मी अजून हात घातलेला नाही."



नवं मेण वितळायला दुसरा दिवस उजाडला. सगळ्यांत आधी मावशींनी हात बुडवला. त्या हातांना साबणाचा वास होता आणि कातडी सोडा लागून लागून खरखरीत झाली होती. मोजा काढल्यावर मावशी हळूहळू बोटं मिटत गेल्या. मूठ पुरी वळली नाही, पण अंगठा करंगळीला टेकला. कितीतरी वेळ त्या तो टेकवत होत्या आणि सोडत होत्या.

डॉक्टरबाईने स्पष्ट सांगितलं, "मावशी, सांधे पहिल्यासारखे होणार नाहीत. शेक आणि व्यायाम सोडलेत तर पुन्हा आखडतील. आणि पिळणं आता बंद." मग ती स्वतः त्यांच्याबरोबर मुकादमाकडे गेली. तो पुष्कळ कुरकुरला. शेवटी त्याने मावशींना डाग तपासायच्या टेबलावर बसवलं. कुठला डाग कशाने जाईल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. निवृत्तीपर्यंत त्या तिथेच होत्या. बोटं वाकडीच राहिली. केस मात्र पुष्कळ दिवस स्वतःचे स्वतः विंचरत होत्या.

कोटवाले काका महिनाभर फिरकले नाहीत. मग आले आणि मुकाट्याने नळाशी गेले. त्यांनी मावशींची माफी मागितली, असं मी सांगणार नाही, कारण मागितली नाही.

आता माझी तार जळली आहे. नवी प्लास्टिकची पेटी आली आणि मला जिन्याखाली ठेवलं. माझ्या पोटात कुणीतरी ओली फडकी टाकतं. त्यांना बुरशी आली आहे. तक्रार करत नाही, पण किळस येते ती येतेच.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची बोटं दुखत असतील, तर झाकण निघत नाही म्हणून डबा हातातून हिसकावून घेऊ नका. "उघडून देऊ का?" असं आधी विचारा. त्यांना डॉक्टरकडे न्या, आणि रस्त्यावरचं कुठलंही मलम आणून थापू नका. दहाजण वापरतात ती वस्तू दहाजणांनी धुवावी. आणि दुसऱ्याच्या हाताला नाक मुरडण्याआधी नळापाशी जाऊन आपली नखं उजेडात धरून पाहा.